राखेतली ऊब

१

बेदियाको मास्टरला कुठलीही वस्तू हाती आली की वाजवून बघायची खोड होती. मग ते इंजिन असो, भांडं असो, नाहीतर कुणाच्या दाराची कडी. छोटी हातोडी कायम कमरेच्या पट्ट्यात खोचलेली. एक ठोका द्यायचा, मान कलती करायची आणि डोळे मिटून ऐकायचं. अखंड बीड, म्हणजे ओतीव लोखंड, खणखणीत वाजतं, तडा गेलेलं बद्द वाजतं. मधलं काही नसतं, असं त्याचं म्हणणं होतं, आणि माणसांबद्दलही त्याचं मत फारसं वेगळं नव्हतं.

कुमासी शहरात, सुआमेच्या गॅरेजांच्या वस्तीत, इंजिनं उघडणाऱ्यांना तोटा नाही आणि जोडणाऱ्यांनाही नाही. पण तडकलेलं बीड गॅसच्या ज्योतीवर, निखाऱ्यांत तापवून सांधणारा आता हा एकटाच उरला होता. बाकीच्यांनी कधीच विजेची वेल्डिंग मशिनं घेतली आणि महागड्या कांड्या वापरून ठिगळं मारायला सुरुवात केली. ठिगळं हा मास्टरचा शब्द. समोरच्या ओळीतला ओदुरो विजेचंच काम करायचा आणि चांगलं करायचा, पण हे मास्टरसमोर बोलायची सोय नव्हती.

“माझ्या हातचं काम परत आलेलं कुणी पाहिलंय?” असं तो येता-जाता विचारायचा. खरंच कुणी पाहिलेलं नव्हतं.

त्या सकाळी कोनादूबाई आली ती टेम्पोत एक जुनं डिझेल इंजिन घालून. ओफिन्सोला तिची मक्याची गिरणी. गिरणीवरच्या गड्यानं इंजिन तापून खदखदत असताना त्यात थंडगार पाणी ओतलं, आणि त्याच्या बिडाच्या ब्लॉकला वरपासून खालपर्यंत तडा गेला. ओदुरोनं तो भरून दिला होता. चार दिवस चाललं आणि सांध्याच्या शेजारून नवा तडा उठला. आता बाई ओदुरोच्या दारावरून, त्याच्याकडे न बघता, टेम्पो घेऊन इकडे आली होती. सगळी गल्ली हे बघत होती.

“मास्टर, अर्ध्या गावाच्या केंकीच्या उंड्यांचं पीठ माझ्या गिरणीवर निघतं,” ती म्हणाली. “बायका भिजवलेला मका डोक्यावर घेऊन येतात आणि तसाच परत नेतात. जाताना मला जे बोलतात ते तुम्हाला सांगत नाही.”

मास्टरनं हातोडी काढून ठोका दिला. बद्द. असा बद्द आवाज, की बिरागोनंसुद्धा तोंड वाकडं केलं.

बिरागो त्याची भाची, सख्ख्या बहिणीची मुलगी. आमच्याकडे मामाचं जे असतं ते भाच्यांकडे जातं, तेव्हा हे दुकान, ही गॅसची टॉर्च आणि दारावरची पाटी पुढेमागे तिचीच व्हायची होती. पस्तिशीची बाई, दोन मुलांची आई, रविवारी न चुकता चर्चला जाणारी, आणि मामाला तोंडावर बोलायला न भिणारी सुआमेतली एकमेव व्यक्ती.

ओदुरो रस्ता ओलांडून आला. “बाई, बीड जुनं झालंय. आतून सडलंय. देवानं सांधलं तरी उघडेल.”

“देवाचं मला माहीत नाही,” मास्टर म्हणाला. “मी सांधलं तर उघडणार नाही.”

“आणि उघडलं तर?”

“तर माझी टॉर्च तुझ्या दारात आणून ठेवीन. पाटी उतरवून तिची तू बसायला फळी कर.”

गल्लीत हशा झाला. ओदुरोनं हात पुढे केला, मास्टरनं तो धरला. बिरागो मात्र हसली नाही.

“मामा, पाटी तुझी आहे, मान्य. पण उद्या ती माझी व्हायचीये. पैज लावताना मला विचारलंस?”

“विचारायचं काय त्यात? तुला अख्खी पाटी मिळेल, वर ओदुरोची जिरलेली बघायला मिळेल.”

२

काम त्यानं असं केलं, की बघणाऱ्यानं जन्मभर सांगत राहावं.

आधी ओदुरोचा सगळा सांधा खरवडून काढला. मग ब्लॉक रॉकेलनं पुसून त्यावर खडू घासला. तड्यात मुरलेलं रॉकेल हळूहळू वर आलं आणि पांढऱ्या खडूवर तड्याची खरी रेघ उमटली. डोळ्यांना दिसत होती त्याहून ती कितीतरी लांब होती. एका बाजूनं पार तळापर्यंत गेलेली. मास्टरनं रेघेच्या दोन्ही टोकांना भोकं पाडली, म्हणजे तडा त्यांच्यापुढे पळत नाही. मधे खोल खाच कोरली. मग वीटभट्टीसारखा आडोसा रचून ब्लॉकभोवती लाकडी कोळसा पेटवला.

बीड रागीट असतं. एकाच जागी तापवलं तर दुसऱ्या जागी फुटतं. म्हणून अख्खं तापवायचं, मंद लाल होईपर्यंत, आणि ते लाल असतानाच सांधायचं. समोर उभं राहवत नाही अशी आच. मास्टर त्या आचेत ओणवा झाला, डोळ्यांवर गॉगल, एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात जुन्या पिस्टनच्या रिंगा तोडून केलेली कांडी. अधूनमधून तो कांडी टाकणखारात बुडवायचा. थोडी रेघ भरली की ज्योत बाजूला, आणि लाल सांध्यावर हातोडी. हलके हलके ठोके, आणि शेवटी एक जड. तो जड ठोका त्याचा स्वतःचा. त्याच्या गुरूचाही तसा नव्हता. गल्लीतले लोक डोळे मिटूनही सांगायचे, की मास्टर कामावर आहे.

डाव्या पायाची करंगळी त्याला नव्हती. तरुणपणी एक चाक पायावर पडलं होतं. दुपारपर्यंत त्या पायाला कळ लागली तरी तो हलला नाही. बिरागो कोळसा सारत होती आणि मनात म्हणत होती, की हे मला जमणार नाही. मग तिला वाटलं, हे बघायला मिळालं हेही काही कमी नाही.

काम संपलं. दुकानाच्या मागच्या अंगणात खड्डा तयार होता. लाल ब्लॉक साखळीनं उचलून त्यात उतरवला आणि वरून राख लोटली, भरपूर, घट्ट. आता बीड झोपवायचं. ते जितकं सावकाश निवेल तितका सांधा पक्का. घाईनं निवलं तर राखेतून बारीक ‘टिंग’ असा आवाज येतो, आणि तो आला की समजायचं, सगळं मुसळ केरात.

राख लोटली की दारूची बाटली उघडायची. जिन जमिनीवर ओतायची आणि ज्यांच्याकडून हे काम आलं त्या गेलेल्यांना बोलवायचं. एकेक नाव घ्यायचं, थोडी थोडी ओतायची, आणि हजर असतील त्यांनी ‘होय’ म्हणायचं.

“बुआडू मास्टर, या, ही तुमची.”

“होय,” बिरागो म्हणाली. कोनादूबाई अजून थांबली होती. तीही म्हणाली.

“तविया मास्टर, या, ही तुमची.”

“होय.”

“अमोआतेंग मास्टर, या, ही तुमची.”

“होय.”

इथे संपायला हवं होतं. पण मास्टरनं खड्ड्याकडे पाहिलं. अंगातून घाम निथळत होता आणि आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम त्या राखेखाली झोपलं होतं. त्या तिघांपैकी एकालाही हे जमलं नसतं, हे त्याला ठाऊक होतं. छाती भरून आली.

“आणि बेदियाको मास्टर,” तो म्हणाला. “त्यांच्या रांगेत चौथा. ये, ही तुझी.” आणि बाटली त्यानं चांगली सढळ कलती केली.

जित्या माणसाचं नाव यात घेत नाहीत. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. बिरागोनं ‘होय’ ओठांवरच थांबवला. पण कोनादूबाई लयीत होती, दमली होती, तिचं लक्ष ब्लॉककडे होतं.

“होय,” ती म्हणाली.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्टरनं नेहमीप्रमाणे राखेवर तळवा ठेवला. हातभर जाड थरातूनही वर ऊब येत होती. ठीकच. एवढा मोठा ब्लॉक एका रात्रीत निवत नाही.

तिसऱ्या दिवशी त्यानं पुन्हा तळवा ठेवला. तितकीच ऊब.

“बघ,” तो बिरागोला म्हणाला, “इतकं सावकाश निवणारं बीड कुणी पाहिलंय? अमोआतेंग मास्टरांनीही नाही.”

बिरागोनं आपला हात ठेवला आणि पटकन काढून घेतला.

“मामा, ही विस्तवाची ऊब नाही. पोराला ताप बघायला हात लावतात ना, तशी लागतेय. अंगाची.”

“राख आहे. राखेची ऊब अशीच असते.”

“आज तिसरा दिवस आहे.”

“कोळसा जास्त घातला होता. ब्लॉक जाड आहे. अंगणाला आडोसा आहे.” एकेक कारण त्यानं बोटावर मोजलं. सगळी कारणं खरी होती. मोजताना त्याला स्वतःलाही बरं वाटलं.

ते दिवस धुळीच्या वाऱ्याचे होते. वाळवंटाकडून वारा येतो, ओठ फुटतात आणि पहाटे अंगात कापरं भरतं. त्यामुळे हात गार पडले याचं मास्टरला काही वाटलं नाही. कोपऱ्यावरच्या बाईकडून त्यानं मक्याची पेज घेतली आणि एका दमात प्यायला.

“मास्टर!” बाई ओरडली. “जीभ भाजली ना! आत्ता उतरवलीये चुलीवरून!”

मास्टरनं वाडग्यात पाहिलं. पेजेतून वाफा निघत होत्या. त्याला ती कोमटसुद्धा लागली नव्हती.

४

कोनादूबाईचे निरोपावर निरोप येऊ लागले. ओदुरो रोज सकाळी रस्त्यापलीकडून हाळी द्यायचा.

“काय रे, अंडी उबवतोयस का खड्ड्यात? पिल्लं निघाली की एक मला दे!”

गल्ली हसायची. मास्टरही हसायचा, पण वस्तीत काय बोललं जातंय ते त्याला कळत होतं. सांधा उघडलाय, म्हातारा खड्डा उघडायला घाबरतोय.

घाबरत तो नव्हताच. ऊब असताना बीड उघड्यावर काढायचं नाही, हा नियम त्यानं जन्मभर पाळला होता आणि ओदुरोच्या टोमण्यांसाठी तो मोडणार नव्हता. पण शंका कुणाला येत नाही? एका दुपारी, बिरागो जेवायला घरी गेली असताना, त्यानं एक लांब सळई घेतली. इंजिनाच्या आत काय वाजतंय ते ऐकायला मेकॅनिक सळई टेकवतात आणि दुसरं टोक कानाशी धरतात, तसंच. सळई हळूच राखेत खुपसली. खाली बिडाला टेकल्याचं हाताला कळलं. त्यानं कान लावला आणि ‘टिंग’ची वाट बघत बसला.

‘टिंग’ आला नाही. आधी काहीच आलं नाही. मग खूप खालून, संथ, एकसारखा फस्स् आवाज ऐकू आला.

त्यानं कान काढला. दुकानातली टॉर्च बंद होती. त्यानं उठून दोन्ही नळ्यांच्या चाव्या हातानं पिळून पाहिल्या. बंदच होत्या. गल्लीत जेवणाची सुट्टी होती, कुणाचंच मशीन चालू नव्हतं. तो परत येऊन बसला आणि कान लावला.

गॅसच्या ज्योतीचा आवाज. तो ओळखायला मास्टरला विचार करावा लागत नव्हता. ज्योत चालली होती, न थरथरता, सावकाश, रेघ भरत. मग ती बाजूला झाली. आणि ठोके आले. हलके हलके, आणि शेवटी एक जड.

मास्टरनं सळई कानाशी तशीच धरून ठेवली. भीती वाटली, नाही असं नाही. पण त्याहून आधी, आणि त्याहून मोठं, मनात दुसरंच आलं, आणि ते त्यानं कधी कुणाला सांगितलं नाही. त्याला वाटलं, वा, काय हात आहे.

५

“मामा, हात दे,” बिरागो म्हणाली. संध्याकाळ होती, ती दुकान आवरत होती.

“कशाला?”

“दे म्हणते ना.”

तिनं हात हातात घेतला आणि तिचा चेहरा पडला. मग तिनं डोळ्यांवर लावायचा गॉगल त्याच्या तोंडासमोर धरला. “फुंकर मार.”

त्यानं मारली. काच स्वच्छ राहिली. तिनं स्वतः मारली, तेव्हा काच धुरकट झाली.

“वारा कोरडा आहे,” तो म्हणाला.

“तोच वारा मलाही आहे!” तिचा आवाज चढला. “खड्डा निवत नाही आणि तू निवत चाललायस. दिसत नाही तुला? तू स्वतःला बोलावलंस, मामा. गेलेल्यांच्या रांगेत उभं राहून स्वतःला हाक मारलीस, आणि कोणीतरी ‘होय’ म्हटलं.”

“तू चर्चला जातेस ना? असल्या गोष्टींवर विश्वास ठेवतेस?”

“चर्चला जाते म्हणून काय डोळे फोडून घेऊ?” तिनं डोळे पुसले. “माझ्या आईला मी विचारलं. ती म्हणाली, परत घेता येतं. दुसरी बाटली आणायची, ज्यांनी ऐकलं त्यांच्यासह चार लोकांसमोर ओतायची आणि म्हणायचं, मी तिथे नव्हतो. माझं नाव त्या रांगेत नाही. काम त्यांचं, माझं नाही. एवढंच. काम वाजवून बघायच्या आत म्हणायचं.”

“एवढंच?”

“एवढंच, मामा.”

मास्टर ओट्यावर बसला. खड्ड्याकडे त्याची पाठ होती, आणि पाठीला तेवढी ऊब लागत होती. बाकी सगळं अंग गार.

“अमोआतेंग मास्टरांकडे मी मिसरूड फुटायच्या आधी आलो,” तो म्हणाला. “माझं प्रत्येक काम त्यांनी वाजवून पाहिलं, आणि दर वेळी ‘बघू’ म्हणाले. ‘चांगलं’ नाही, ‘वाईट’ नाही, ‘बघू’. मरतानाही मी उशाशी होतो. म्हटलं, मास्टर, आता तरी सांगा. म्हणाले, ‘बघू.’ आणि गेले.” त्यानं हातोडी कमरेतून काढून मांडीवर ठेवली. “आणि आता माझ्या जन्मातलं सगळ्यात मोठं काम झालंय, तर मी गल्लीसमोर, त्या ओदुरोसमोर उभं राहून म्हणू, की हे माझं नाही?”

“जीव वाचेल तुझा.”

“जीव वाचेल. आणि मग मी कोण?”

“माझा मामा!” बिरागो ओरडली. “माझा मामा, दुसरा कोण!”

त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला. ती शहारली, पण तिनं डोकं मागे घेतलं नाही.

“बाटली आण,” तो शेवटी म्हणाला. “उद्या बघू.”

६

दुसऱ्या दिवशी सकाळी राख गार होती. एका रात्रीत, निव्वळ गार.

कोनादूबाई टेम्पो घेऊन आली. ओदुरो आला, आणि ओदुरो आला म्हणून सगळी गल्ली आली. बिरागो नवी बाटली अंगावरच्या कापडाखाली धरून मामाच्या अगदी जवळ उभी राहिली. तिनं झाकण आधीच सैल करून ठेवलं होतं.

मास्टरनं फावडं घेतलं. राख बाजूला झाली, साखळी अडकवली, ब्लॉक वर आला. चार माणसांनी तो ओट्यावर ठेवला आणि ओदुरोनं फडक्यानं पुसला.

सगळे वाकून बघू लागले.

सांधा नव्हता. तडाही नव्हता. खाच नव्हती, भोकं नव्हती, सांध्याची जाड रेघ नव्हती. ब्लॉकवर कारखान्याची जी अक्षरं ओतलेली होती आणि ज्यांच्या मधून तडा गेला होता, तीसुद्धा सलग होती. ओदुरोनं बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. मग खिशातून खडू काढला, रॉकेल मागून घेतलं, पुसून बघितलं. खडू पांढराच राहिला.

“कुठे सांधलंस?” त्यानं विचारलं. आवाजात टोमणा नव्हता. तो खालच्या आवाजात बोलत होता, चर्चमध्ये बोलावं तसा.

मास्टर मात्र ब्लॉककडे बघत नव्हता. तो खड्ड्यात बघत होता. ब्लॉक जिथे होता तिथे, खाली, राख दबून बसली होती, आणि दबलेल्या राखेत पावलं उमटली होती. दोन, शेजारी शेजारी, टाचा वर उचललेल्या, कामाला उकिडवं बसताना असतात तशी. डाव्या पावलाला करंगळी नव्हती.

त्यानं फावडं उचललं आणि राख लोटली. मान वर केली तेव्हा बिरागो त्याच्याकडे बघत होती. तिनं पाहिलं होतं. बाटली तिनं पुढे केली.

“मामा,” ती हलकेच म्हणाली. “म्हण. आत्ता म्हण.”

त्यानं बाटलीकडे पाहिलं. मग कमरेची हातोडी काढली, ब्लॉकजवळ गेला आणि एक ठोका दिला.

असा नाद सुआमेत त्याआधी कुणी ऐकला नव्हता. खणखणीत, गोल, लांबवर जाणारा. समोरच्या ओळीतली माणसं हातातलं काम टाकून बाहेर आली. कोनादूबाईनं तोंडावर हात घेतला. नाद विरल्यावर ओदुरोनं, ज्यानं आयुष्यात कुणापुढे मान वाकवली नव्हती, दोन्ही हातांनी मास्टरचा हात धरला. लगेच सोडला. तळवा त्यानं नकळत पाटलोणीला पुसला.

“हे... हे तू केलंस?” त्यानं विचारलं.

बिरागोनं डोळे मिटून घेतले.

“दिसत नाही ना सांधा?” मास्टर म्हणाला. सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा बोलला. “दिसत नाही, तेच माझं काम. हे बेदियाकोचं काम आहे.”

गल्लीनं एकच कल्ला केला. कुणीतरी पावडरचा डबा आणला आणि जिंकलेल्याच्या अंगावर उडवतात तशी ती मास्टरच्या डोक्यावर, मानेवर, हातांवर उधळली. तो पांढरा फटक होऊन उभा राहिला, ताठ, छाती काढून, आणि हसत होता. त्याला असं हसताना बिरागोनं कधी पाहिलं नव्हतं. तिच्या हातातली बाटली तशीच राहिली.

७

ओफिन्सोची गिरणी अजून चालते. तिथल्या बायका सांगतात, की इंजिन थंडीतही हँडलच्या पहिल्या फेऱ्याला सुरू होतं, आणि ब्लॉकला कधीही हात लावा, बंद असला तरी ऊबदार असतो. कोनादूबाई त्याला पाठ टेकून बसते. तिला ते आवडतं.

मास्टरकडे कामांची रांग लागली. लांबलांबच्या तामालेहून, ताकोराडीहून ब्लॉक येऊ लागले. तो आता आचेच्या अगदी जवळ उभा राहायचा. कोळसा हातानं सारायचा. जेवायचा नाही म्हटलं तरी चालेल. बिरागो डबा आणायची, तो उघडून वास घ्यायचा, चांगला झालाय म्हणायचा आणि झाकण लावायचा. लोक येऊन पाया पडायचे, वाकून नमस्कार करायचे, आणि कामात घमेंड असावी तर अशी, असं एकमेकांना सांगत जायचे. एकदा चालता चालता हातोडी निसटून त्याच्या गुडघ्यावर आदळली. आवाज झाला तो बिरागोनं ऐकला. खणखणीत होता.

पुढचा मोठा ब्लॉक सांधून झाला, राखेत झोपवला, तेव्हा बिरागोनं बाटली त्याच्या हातून घेतली.

“आजपासून मी ओतणार.”

“ओत,” तो म्हणाला. “शिकायलाच हवं तुला.” आणि तो दाराशी जाऊन, अंगणाकडे पाठ करून उभा राहिला. गल्लीत दुपारचं ऊन होतं. ओदुरो समोरून हात हलवत होता.

आवाज बिरागोनं नीट ठेवला. एकेक नाव जपून घेत होती, जास्तीचं एक अक्षर तोंडून निसटू नये म्हणून.

“बुआडू मास्टर, या, ही तुमची.”

थोडी ओतली.

“तविया मास्टर, या, ही तुमची.”

थोडी ओतली.

“अमोआतेंग मास्टर, या, ही तुमची.”

थोडी ओतली, बाटली सरळ केली आणि झाकण घट्ट पिळलं. संपलं. तिनं सुटकेचा श्वास सोडला.

दाराशी उभ्या मास्टरनं घसा खाकरला. कित्येक दिवसांत पहिल्यांदाच त्याला काहीतरी गरम लागलं होतं. जीभ, घसा, मग छाती. जिनची धार आत उतरत गेली, चांगली, कडक, आणि संपली. फारच थोडी होती. त्यानं ओठांवरून जीभ फिरवली.

“बिरागो,” तो वळून न बघता म्हणाला, “एवढी काटकसर कशाला करतेस? चौघांना पुरायला हवी.”